चिकट

आजवर कुणालाच सांगितलं नाही, ते लिहितो. चिकटकाकांना मी पकडून दिलं.

सुलतान बाजारात त्यांचं बुकबाइंडिंगचं दुकान होतं. कणकेच्या खळीत कसर लागू नये म्हणून ते मोरचूद घालत, त्यामुळे नखं कायम हिरवट. हात हातात घेतला की सोडत नसत. "सुटतोय का बघ!"

कचेरी सुटली की मी तिथे बसायचो. नावावरून कुणी चिडवलं तर म्हणत, "शब्द एकच रे. चहावाला चिकट म्हणतो तेव्हा मी कंजूष. तुझी काकू म्हणते तेव्हा हट्टी. आणि वही म्हणते तेव्हा कारागीर."

देश स्वतंत्र झाला, आमचं हैदराबाद तेवढं निजामाकडे राहिलं. बाजारातल्या भिंतींवर विलीनीकरणाची पत्रकं दिसू लागली. पोलीस चाकूनं खरवडायचे, निघायची नाहीत; कडेला हिरवट खळ तेवढी दिसायची. खळ कुणाची, मला ठाऊक होतं. "नुसता खळीचा डबा धर," काका एकदा म्हणाले होते. मी सरकारी नोकरीचं कारण सांगितलं. ते हसले. "असू दे. तू सुटा कागद आहेस."

ते मला लागलं.

पुढच्याच आठवड्यात पोलिसांचे अमीनसाहेब कचेरीत आले. "वो बाइंडर तुम्हारे पहचान का है ना? कैसा आदमी है जी?"

"चिकट है, साब."

"चिकट बोले तो?"

कंजूष म्हणालो असतो तर तिथंच संपलं असतं. शब्दाला तेवढी जागा होती. पण मी अंगठा बोटावर घासून दाखवला. "चिपचिपा. नाखून देखो उसके."

भीतीनं बोललो की त्या सुट्या कागदाच्या रागानं, अजून ठरवता येत नाही.

दुपारी त्यांना नेलं. पुढं पोलीस अ‍ॅक्शन झाली, तुरुंग उघडले, बाकीचे घरी आले. काका त्याआधीच आत तापानं गेले होते. दुकानात उरलेली खळ वाळून डब्याला धरली होती. काकूंना ती निघेना, म्हणून डबा मीच घासून दिला.

काकू आता सत्तरीच्या आहेत, मलकपेठेत राहतात. दर रविवारी जातो. चहा देताना हमखास म्हणतात, "हातांनीच घात केला रे त्यांचा. किती सांगायची मी, धुवा म्हणून." मी "हो" म्हणतो.

हातांनी नाही काकू, मी. एवढं एक वाक्य मी त्यांचं देणं लागतो.