घसरणार नाही असा लॅपटॉप

दुकानातल्या खुर्चीत माझी बायको मागे रेलून बसली. डावा हात तिने सरळ पसरून निश्चल ठेवला आणि मांडीवरच्या लॅपटॉपवर एकट्या उजव्या हाताने पत्त्यांचा खेळ सुरू केला. लॅपटॉप घसरू लागला.

"मॅडम, टेबलावर ठेवून बघा ना," विक्रेता म्हणाला.

"यांना हवाय, डायलिसिसच्या वेळी. डाव्या हाताला सुया असतात, तो हलवता येत नाही. नुसते छताकडे बघत पडून राहतात. लहान, हलका द्या. साधे खेळ न अडकता चालले म्हणजे झालं."

त्याने दुसरा, लहानसा आणून दिला. खेळ उघडेपर्यंत तिने डोकं मागे टेकलं, डोळे अर्धवट मिटले, ओठ घट्ट आवळले. मी चरकलो. ती नक्कल करत नव्हती. डायलिसिसच्या वेळचा माझा तो चेहरा तिला पाठच झाला होता. मी आत खाटेवर असताना ती बाहेर मासिक वाचत बसते, असं मी धरून चाललो होतो. दुखणं आपल्या एकट्याचं असतं, असं आजारी माणसाला किती सहज वाटतं!

"हा नाही घसरत. घ्यायचा?" तिने विचारलं.

"घे," मी म्हणालो, आणि तिच्याकडे बघवेना म्हणून रस्त्याकडे बघत राहिलो.