काळ्या डागाची कांडी

प्रयोगशाळेत तिला सगळे ताई म्हणत. वयाने मोठे असलेलेसुद्धा. एकतीस वर्षे तिची एकच सेवा : कार्बनला कार्बन जोडणे. हे अणू सहजी एकमेकांचा हात धरत नाहीत. मध्ये पॅलेडियम हा महाग धातू लागतो. तो दोघांना जवळ आणतो, जोडतो आणि स्वतः निमूट बाजूला होतो. सज्जनहो, ताईही तशीच होती!

तिच्या सरांनी अखेरच्या वर्षी शोधनिबंध लिहून जाहीर केले, की हे काम साध्या लोखंडानेही होते. प्रयोग ताईने मांडलेला. निबंधावर दुसरे नाव तिचे. कौतुक झाले, आणि चार महिन्यांत सर गेले. आयुष्यभराच्या तपाला आलेले ते एकच फळ.

मग इतर प्रयोगशाळांची पत्रे आली : आमच्याकडे जमत नाही. इथली नवी संशोधक मुलगीही रडकुंडीला आली.

"ताई, सहाव्यांदा भोपळा! तुमच्या हातात जादू आहे की काय?"

"जादू कसली? धीर नाही तुम्हा पोरींना. सरक."

ताईने खणातून आपली कांडी काढली. फ्लास्कमध्ये गरगर फिरून द्रव ढवळणारी, पांढऱ्या वेष्टनाची, बोटाच्या पेराएवढी चुंबकाची कांडी. सरांनी पहिल्या दिवशी दिलेली. म्हणून तिने ती कधी टाकली नाही. देवाच्या भांड्यासारखी घासून जपली.

तीन तासांत जोड झाला. मुलगी टाळ्या पिटू लागली. ताईची नजर मात्र कांडीच्या टोकाशी खिळली. तिथे मोहरीएवढा काळा डाग होता.

दुसऱ्या दिवशी तिने दोन फ्लास्क मांडले. लोखंड तेच, आच तीच. एकात जुनी कांडी, दुसऱ्यात कोरी. कोऱ्या कांडीच्या फ्लास्कमध्ये काहीच घडले नाही. वर्षानुवर्षांच्या पॅलेडियमचे कण त्या डागात दडून बसले होते; जोड लोखंडाने नव्हे, त्यांनीच केला होता. प्रेमाने जपलेली वस्तूच उलटी साक्ष देऊ लागली!

ती सरांच्या घरी, त्यांच्या पत्नीकडे गेली. भिंतीवर निबंधाचे पहिले पान काचेत मढवलेले होते.

"काकू, चूक माझी. कांडी बदलायला हवी होती."

काकूंनी भिंतीकडे पाहिले. "त्यांना कळलं असतं तर?"

"मला सोलून काढलं असतं. आणि त्याच दिवशी निबंध मागे घेतला असता."

"मग मला विचारायला आलीस, की सांगायला?"

"सांगायला," ताई कशीबशी म्हणाली. "निबंध मागे घेण्याचं पत्र लिहून आणलंय."

"ती चौकट खाली काढ, बाई. माझा हात पुरत नाही."

ताई स्टुलावर चढली. काकूंनी काचेवरची धूळ पदराने पुसली, कोपरेसुद्धा पुसले, आणि चौकट मांडीवर पालथी ठेवली.