चंपी प्रवासाला फिट आहे का?

परळला आमच्या मॅडमचा जनावरांचा दवाखाना आहे, तिथे मी कंपाउंडर. कुत्र्यामांजरांचे किस्से इतके साठलेत की घरी सांगायला गेलो तर बायको टीव्हीचा आवाज वाढवते. पण शीव कोळीवाड्याच्या प्रकाशने जे डोकं फिरवलं ना, ते अजून जागेवर आलेलं नाही!

प्रकाशचा मासळीचा टेम्पो. घर बिल्डरकडे गेलेलं, म्हणून म्हाताऱ्या आईला पनवेलला बहिणीकडे पाठवायचं होतं. आई म्हणे, "चंपीशिवाय मी उंबरा ओलांडणार नाय." चंपी म्हणजे बकरी. आणि जनावर टेम्पोतून न्यायचं तर डॉक्टरचा 'प्रवासाला फिट' असा दाखला लागतो. आला प्रकाश धावत!

*

मॅडमनी नियम सांगितले. गाडीत उकाडा नको, खाली काहीतरी अंथरा. दुसऱ्या दिवशी प्रकाशने टेम्पो दाखवायला आणला. फाळका उघडतो तर आत बर्फाचा जाडजूड थर!

"आमचा पापलेट यावरच पुण्यापर्यंत टकाटक जातो, मॅडम."

"अहो, पापलेट मेलेला असतो!"

"मग जिवंत आहे तर बर्फ कमी टाकू?"

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. मी फाळका लावून टाकला.

*

वाटेत चारा-पाणी पाहिजे, हाही नियम. प्रकाश चंपीला दवाखान्यात घेऊन आला, तेव्हा मी हौसेने हिरवा पाला आणून तिच्यापुढे धरला. ढुंकून बघेल तर शपथ!

"कांबळेभाऊ, तिला चहात बुडवून पाव लागतो," प्रकाश म्हणाला. "आणि चहा फिक्का चालत नाय."

आता पाव चाऱ्यात धरायचा का? मॅडमनी फोनवर अख्खी नियमावली खालीवर केली. पावाबद्दल कोणी काही लिहिलेलंच नाही.

*

जनावरासोबत माणूस हवा म्हटल्यावर आई म्हणाली, "मी बसते मागं." प्रकाश नाक्यावर हवालदाराला विचारून आला. मालाच्या गाडीत मागे माणूस बसवला तर दंड!

"मग बकरी पुढे घेऊ?"

"पुढे माणसं बसतात, प्रकाश."

"म्हणजे मागे माल, पुढे माणूस. चंपी नक्की कोण, मॅडम?"

आम्ही सगळ्यांनी चहा मागवला. चंपीलाही दिला.

*

घर रिकामं करायच्या आदल्या दिवशी आई प्रकाशबरोबर चंपीला घेऊन दाखल्यासाठी आली. मॅडमनी चंपीला टेबलावर घेतलं, पोट चाचपलं आणि मान हलवली.

"ही गाभण आहे. दिवस भरत आलेत. हिला हलवता येणार नाही."

प्रकाश रडकुंडीला आला. "उद्या चावी द्यायचीय, मॅडम! लिहा ना फिट म्हणून."

"नाही लिहिणार. ओळखीची जागा सुटली की अशा वेळी जनावर धास्ती घेतं. खाणंपिणं सोडतं. दगावलं तर?"

आई कोपऱ्यातल्या स्टुलावरून सगळं ऐकत होती. ती उठली, चंपीला खाली उतरवायला लावलं, मला म्हणाली, "हात दे रे बाबा," आणि त्याच टेबलावर चढून बसली. पदर नीट केला.

"डॉक्टरीण बाय," ती म्हणाली, "आता मला तपास."