साडभाऊंच्या जीपचे दिवे

यवतमाळ जिल्ह्यात सूर्याच्या खालोखाल उजेड कोणी पाडला असेल, तर तो माझ्या थोरल्या साडभाऊंनी. खोटं वाटत असेल तर कळंबच्या बाजूला जाऊन कोणालाही विचारा. त्यांची जुनी जीप गावाच्या वळणावर आली की कोंबडे वेळ चुकून आरवत, आणि ओट्यावर बसलेली माणसं डोळ्यांवर आडवा हात धरून म्हणत, "आले साहेब!" साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या मोठ्या बहिणीचे यजमान. वयाने मोठे, आवाजाने त्याहून मोठे, आणि आपलं चुकतंय हे कबूल करण्याच्या बाबतीत अगदीच गरीब.

ती जीप त्यांनी कुठल्याशा सरकारी लिलावात घेतली तेव्हाच ती म्हातारी होती. कंपनीने तिला दिलेले पुढचे दोन दिवे म्हणजे तेल संपत आलेल्या समया. येणाऱ्या-जाणाऱ्याला पकडून, बॉनेट उघडून साडभाऊ त्याचं कारण समजावत. बॅटरीतला करंट आधी बटणाकडे जातो, मग साऱ्या गाडीभर हिंडतो आणि बल्बपर्यंत पोहोचेस्तोवर दमून जातो. म्हणून जाड वायर थेट बॅटरीतून आणायची, मध्ये रिले बसवायचा. बटणाने फक्त हुकूम सोडायचा, ओझं रिलेने वाहायचं. हे सारं वायरिंग त्यांनी एका उन्हाळ्यात स्वतःच्या हाताने केलं, आणि रिलेवर त्यांचं असं प्रेम जडलं की जगातल्या सगळ्या दुखण्यांवर त्यांना तोच उपाय दिसू लागला. आमच्या नात्यातल्या एका सोयरिकीत दोन्हीकडचे बाप जेवणावळीवरून हमरीतुमरीवर आले, तेव्हा साडभाऊ मध्ये उभे राहून म्हणाले, "तुमी दोघं थेट भिडून राह्यले, म्हणून तापून राह्यले. मधात रिले टाका." लोकांनी मग त्यांनाच रिले केलं. चहा येण्याच्या आत सोयरीक मोडली.

नुसत्या वायरिंगवर ते थांबले असते तर त्यांना साडभाऊ कोण म्हणेल? आधी दणकट बल्ब आले. मग बंपरवर दोन पिवळे फॉग लॅम्प बसले. मग टपावर पांढऱ्या दिव्यांची लांबलचक पट्टी आडवी झाली, आणि शेवटी आरशांच्या बाजूला, डावी-उजवीकडची शेतं दाखवणारे आणखी दिवे लागले. डॅशबोर्डला भोकं पाडून इतकी बटणं बसवली होती की वायपर लावायला गेलेला माणूस हमखास टप पेटवून बसे. एकदा समोरून येणाऱ्या एस.टी.च्या ड्रायव्हरने गाडी थांबवून खिडकीतून विचारलं, "काहो, रोडावर लगन लावून राह्यले का?" साडभाऊंनी शांतपणे उत्तर दिलं, "याचं असन तं या."

इथवरची गोष्ट मी लग्नाकार्यांत रंगवून सांगत असे आणि लोक पोट धरून हसत. पुढची सांगत नसे. कारण तोवर साडभाऊंना काचबिंदू झाल्याचं निघालं होतं. दोन्ही कडांचं दिसणं गेलेलं, मधलं तेवढं नळीतून पाहावं तसं उरलेलं, आणि तेही जाणार होतं. डॉक्टरांनी गाडी बंद करा म्हणून स्वच्छ सांगितलं. आणि त्याच सुमाराला ताईंच्या, म्हणजे त्यांच्या बायकोच्या, किडन्या गेल्या. डायलिसिस यवतमाळला, पाळी सकाळी अगदी पहिली. गावातून तेव्हा एस.टी. सुटलेली नसते. थंडीत, अंधारात, धुक्यात, हा अर्धा आंधळा माणूस आजारी बायकोला शेजारी बसवून जीप हाकत यवतमाळला यायचा. त्या सकाळी माझी बायको फोन हातात धरून नुसती बसून राहायची. मला भीती वाटायची आणि त्या माणसाचा भयंकर रागही यायचा.

मी काय काय सांगून पाहिलं नाही? आमच्याकडे यवतमाळला येऊन राहा म्हटलं. भाड्याची गाडी ठरवतो म्हटलं. साडभाऊंचं उत्तर ठरलेलं. "डोयाले काई नाई झालं. वायरिंग जुनी हाये. अजून एक लाइट टाकतो." आणि खरंच टाकत. डॉक्टरांकडून वाईट बातमी आली की जीपवर नवा दिवा चढायचा. त्यांचे डोळे किती उरलेत हे विचारायची गरज नव्हती, जीपचं तोंड पाहिलं की कळायचं.

शेवटी व्हायचं ते झालं. एका सकाळी जीप रस्ता सोडून कोणाच्या तरी तुरीत शिरली. मी मोटारसायकल दामटत पोहोचलो तेव्हा नुकतं उजाडत होतं, सारे दिवे तुरीच्या पिकात भकाभका जळत होते, आणि शाल पांघरून बसलेल्या ताई चक्क हसत होत्या. कित्येक महिन्यांत मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं.

"त्याइले काई बोलू नका," त्या म्हणाल्या. "मीच चुकली. वळण याच्या आंदीच उजवीकडं म्हणून सांगतलं."

म्हणजे रस्ता ताई सांगत होत्या! माझं डोकं फिरलं. साडभाऊंना मी बांधाकडे ओढत नेलं आणि ताईंना ऐकू जाऊ नये एवढ्या आवाजात जे सुचेल ते बोललो. तुम्ही मराल, त्यांना माराल, रस्त्यावरच्या कोणाला तरी माराल. किल्ली द्या.

त्यांनी किल्ली काढली नाही.

"दिसत नाई, हे मले मालूम हाये," ते म्हणाले. त्यांचा इतका लहान आवाज मी पहिल्यांदाच ऐकत होतो. "ते लाइट मले दिसाले नाई लावले, साडभाऊ. लोकाइले मी दिसलो पाह्यजे. मंग ते बाजूले होतात."

"पण दुसऱ्या गाडीनं जा ना! मी कितीदा सांगितलं!"

"दुसऱ्या गाडीत ती बसत नाई." ते जीपच्या दिशेने पाहत होते, म्हणजे उजेडाच्या दिशेने. "दिवायीच्या आंदी तिनं सांगून टाकलं, आता सुई नाई, दवाखाना नाई, मले मरू द्या. भिताडाकडं तोंड करून पडून राह्यली. पोराचा फोन आला तं त्याच्याशीबी बोलली नाई. मंग मी म्हणलं, माह्ये डोये गेले, मले डॉक्टरकडं जाच हाये, रस्ता सांगाले तरी चाल. तशी उठली. लुगडं बदललं अन् येऊन बसली." त्यांनी नाक पुसलं. "घरी तिचं कोणाले काम नाई उरलं. जीपमंदी हाये. तिथं तोंड बंद ठेवलं तं आमी दोघं बी नालीत. एकडाव तिथं पोचली का सुई बी घेते."

ताईंनी उपचार सोडायचं ठरवलं होतं, हे आमच्या घरी कोणालाच ठाऊक नव्हतं.

त्या दिवसापासून मी किल्ली मागितली नाही, पण त्यांना एकटं सोडलंही नाही. पाळीच्या दिवशी मी पहाटेच गावात पोहोचत असे, आणि जीपच्या पुढे माझी मोटारसायकल हळूहळू चालत असे. समोरून कोणी आलं की मी हात करून त्याला कडेला घ्यायला लावायचो. मागून तो सारा उजेड पाठीवर उन्हासारखा पडायचा. माझीच सावली पुढे रस्ताभर पसरायची, आणि इंजिनाच्या धडधडीतून ताईंचा आवाज यायचा. "खड्डा हाये. बैल हायेत. जरासं डावीकडं. आता चाला." बाई थकलेली असायची, पण आवाज खणखणीत.

ऊन तापायला लागलं त्या दिवसांत ताई गेल्या. शेवटच्या पाळीपर्यंत त्या जीपनेच आल्या होत्या. तेरवी आटोपल्यावर साडभाऊंनी कोणी न मागता किल्ली माझ्या हातावर ठेवली. जीप आता आमच्याकडे ठेवायची आणि साडभाऊंनीही आमच्याकडेच राहायचं, असं ठरलं. संध्याकाळी आम्ही निघालो. मी स्टिअरिंगवर आणि ते ताईंच्या जागेवर. बटणं मला काही केल्या उमगेनात, तेव्हा त्यांनीच हात लांब करून चाचपडत एकेक दिवा लावून दिला. गाव पांढरं झालं. ओट्यावरची माणसं या वेळी उठून उभी राहिली.

हमरस्त्याला लागल्यावर मी म्हणालो, "समोरून एस.टी. येते आहे."

"मले कायले सांगता?" साडभाऊ खेकसले. "तुमाले दिसते ना?"

एस.टी. गेली, एक ट्रॉली गेली, दोघं जण सायकलवर गेले. साडभाऊ मांडीवर हात ठेवून ताठ बसले होते. कळंब मागे पडल्यावर त्यांनी घसा खाकरला आणि माझ्याकडे न वळता म्हणाले, "बरं, सांगत चाला."

मग यवतमाळ येईपर्यंत मी बोलत राहिलो.