यायाची घागर

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. सासूबाईंना त्या जाईपर्यंत नाही, सख्ख्या बहिणीला नाही, आणि जिला सांगायला हवं होतं तिला तर नाहीच. मग तुम्हाला का सांगते आहे? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. ओळखीचं माणूस आधी माझ्या चेहऱ्याकडे बघतं, आणि माझा चेहरा गरीब आहे — बिचारी, परमुलखात नवरा गेला, एकटीनं मुलगी वाढवली. लोक असं म्हणतात आणि मी त्यांना म्हणू देते.

सरळ सांगून मोकळं व्हावं म्हणून बसले, तर पार माहेरापासून सुरुवात करावीशी वाटते आहे. तेवढं चालवून घ्या.

माझं माहेर धुळ्याचं. सासर भडगावच्या जवळ, गिरणेकाठच्या एका खेड्यात. घर शेतकऱ्याचं, पण माझ्या यजमानांचं मन मातीत रमलं नाही. ते भुसावळला रेल्वेच्या कारखान्यात फिटर झाले आणि तिथून आफ्रिकेत मोंबासाला गेले. तिकडे नवी रेल्वे झाली होती आणि इकडच्या कारागिरांना मागणी होती. लग्नानंतर वर्षभरात मीही गेले. आमची शेवंता तिथेच जन्मली.

परमुलखात मूल वाढवताना काय काय गंमत होते, ती कुणी सांगत नाही. तिथे आंबे दिवाळीच्या सुमाराला पिकायचे. आखाजीला झाडावर नुसती पानं. आखाजी म्हणजे आमच्या खानदेशात पोरीबाळींचा सर्वांत मोठा सण, वैशाखातला — झोके, गाणी, आणि पुरणपोळीबरोबर आमरस. आता रसाशिवाय आखाजी कशी समजावणार त्या मुलीला? चंद्राची कोर तिथे आडवी दिसायची. मी तिला इकडची कोर बोटानं काढून दाखवली, तर ती म्हणाली, तुमचा चंद्र पडतो आहे. समुद्राची तिला भीती नव्हती. मला शेवटपर्यंत होती. एकदा बाजारात ज्वारी दिसली — तीच आपली, थोडी लालसर — तेव्हा मी तिथेच उभी राहून मूठभर हातात घेतली आणि दुकानदार हसेपर्यंत सोडली नाही. त्या दिवशी आम्ही तिघांनी भाकरी आणि वांग्याचं भरीत खाल्लं. तिघांनी म्हटलं का मी? चौघांनी. झैना होती की.

झैना ही तिथली बाई. शेवंता दूध पीत होती तेव्हापासून कामाला होती. मुलं सांभाळणाऱ्या बाईला तिकडे याया म्हणतात, म्हणून शेवंताही तिला यायाच म्हणे. उंच, सावकाश चालणारी. तिकडच्या बायका गुंडाळतात त्या रंगीत कापडात ती पोरीला पाठीशी बांधायची आणि तशीच अंगण झाडायची, पाणी भरायची. शेवंता त्या पाठीवरच झोपायची. मी मांडीवर घेतलं की डोळे टक्क उघडे. झैना माझ्याकडून भाकरी थापायला शिकली, आणि खोटं कशाला बोलू, माझ्यापेक्षा पातळ थापायला लागली.

शेवंता खेळताना पडली की रडत धावत यायची — माझ्या अंगावरून, तिच्याकडे. माझे हात पिठाचे आहेत म्हणून, असं मी मनाशी म्हणायची. हात काय रोजच पिठाचे असतात?

मला तिचा मत्सर वाटायचा. हा शब्द मी इतकी वर्षं टाळला. पण तोच आहे.

शेवंता पाच वर्षांची झाली त्या साली यजमान तापानं गेले. तिकडचा ताप, लघवी काळी होते तो. झैना रात्रंदिवस कपाळावर पट्ट्या बदलत बसली होती आणि मी कोपऱ्यात. त्यांना नेलं तेव्हा मला काही वाटलं नाही. नंतरही वाटलं नाही. आत जणू कुणी शेणानं सारवून ठेवलं होतं. लोक म्हणाले, धीराची बाई आहे.

मग आम्ही परत निघालो. झैना धक्क्यापर्यंत आली. शेवंता तिच्या गळ्यातून सुटेना, खलाशी ओरडायला लागले, तेव्हा मी म्हटलं — याया मागून येणाऱ्या बोटीनं येणार आहे. मूल शांत झालं. आया असं बोलतातच, नाही का? हे खोटं मी मोजत नाही. पुढचं मोजते.

सासरी आल्यावर शेवंता रोज नदीवर जाऊन बसायला लागली. चैत्रात गिरणेला पाणी कुठलं? वाळू आणि मधेमधे डबकी. ही काठावर बसून बोटीची वाट बघायची. बायका धुणं धुताना हसायच्या. घरी आली की माझ्या हातचं खायची नाही, तिकडच्या भाषेत पाणी मागायची, रात्री झोपेत हाक मारायची ती यायाला. माझ्या जावा एकमेकींकडे बघायच्या. एकीनं तर माझ्या तोंडावरच म्हटलं, पोरले माय कोन शे ते बी ठावं नही.

नवरा गेलेला, घरात खाणारी दोन तोंडं वाढलेली, माझं म्हणावं असं एवढं एक पोर — आणि ते दुसऱ्याच बाईसाठी रडत होतं. हे मी सबब म्हणून सांगत नाही. तेव्हा माझ्या डोक्यात काय होतं ते सांगते आहे.

एका दुपारी मी तिची वेणी घालत होते. तिनं विचारलं, बोट कधी येणार? मी म्हटलं, येणार नाही. याया मेली.

रागानंही म्हटलं नाही. भात निवला, अशा आवाजात म्हटलं.

ती म्हणाली, “बाबांसारखी?”

मी म्हटलं, हो. बाबांसारखी.

तिला मेली म्हणजे काय ते कळत होतं ना. नुकतंच कळलं होतं. म्हणूनच मी तो शब्द निवडला असणार. वेणी पुरी झाली. ती उठली नाही, रडली नाही. संध्याकाळी तिनं माझ्या हातून भाकरी खाल्ली. नदीवर जाणं थांबलं. त्या रात्री ती माझ्या कुशीत झोपली, पहिल्यांदा आपणहून. मला बरं वाटलं. झोपही चांगली लागली.

इथवरचं पाप घरातल्या घरात राहिलं असतं. पोर मोठी झाल्यावर सांगून टाकलं असतं, थोडं रडली असती, संपलं असतं. पण लगेच आखाजी आली.

तुम्ही खानदेशातले नसाल तर सांगते. आमच्याकडे आखाजीला पोरी झोके घेतात, पण सकाळी आधी घागरी भरतात — घरातल्या गेलेल्या माणसांच्या नावानं. मातीची नवी घागर, तिच्यावर छोटं मडकं, वर डांगर म्हणजे आपलं खरबूज आणि सांजोरी ठेवायची, आणि एकेकाचं नाव घेऊन पाणी घालायचं. वैशाखाच्या उन्हात मेलेल्यांचा घसा कोरडा पडू नये म्हणून. त्या वर्षी माझ्या यजमानांची पहिली घागर होती. शेवंतानं बापाच्या नावानं पाणी ओतलं आणि मग इकडेतिकडे बघून सासूबाईंना विचारलं, यायाची कुठे आहे?

सासूबाईंना — सगळं घर त्यांना माय म्हणे — काही कळेना. शेवंतानंच सांगितलं, आपली याया पण मेली. मायनं माझ्याकडे पाहिलं. मी हो म्हणून मान हलवली. एवढंच केलं मी, मान हलवली. थोरली जाऊ म्हणाली, ती तं मुसलमान बाई व्हती ना? माय जागेवरून न उठता म्हणाली, “पानी पेवाले कसानी जात? जिनी आपली पोर सांभाळी ती परकी कशी? तिना नावनी बी एक घागर भरसूत.”

आणि भरली. स्वतः उठून नवी घागर आणली, धुतली, सूत गुंडाळलं. जी बाई समुद्रापलीकडे त्या वेळी कदाचित अंगण झाडत असेल, तिच्या नावानं माझ्या मुलीनं दोन्ही हातांनी पाणी ओतलं. तेव्हा बोलता आलं असतं. माय रागावली असती, जावा हसल्या असत्या, शेवंता पुन्हा नदीवर गेली असती. मी गप्प उभी राहिले. पुढच्या वर्षीही राहिले. मग ती रीतच पडली. आमच्या घरी आखाजीला यायाची घागर असते, हे गावाला ठाऊक झालं. कुणी कुणी मला म्हणायचं, किती मोठ्या मनाची आहेस.

अजून राहिलंय. खरं म्हणजे तेच सांगायचं आहे.

शेवंता बारा-तेरा वर्षांची असताना भुसावळचे एकनाथभाऊ आमच्याकडे आले. मोंबासाला यजमानांबरोबर कामाला होते, रजेवर आले होते. शेवंता मायबरोबर शेतात गेली होती. भाऊंनी पाणी घेतलं, गुळाचा खडा तोंडात टाकला, आणि पिशवीतून घडी घातलेलं एक रंगीत कापड काढलं. तांबडं, काळ्या काठाचं. झैनानं दिलं म्हणाले, पोरीसाठी. आता पोर मोठी झाली असेल, गुंडाळायला येईल. हिंदुस्थानात कुणी जायला निघालं की ती धक्क्यावर येऊन विचारते, भडगावकडचं कुणी आहे का. पोर जेवते का नीट, एवढंच विचारते.

मग म्हणाले, “वहिनी, तिला काय सांगू?”

मी काय म्हटलं असेल? इतक्या वर्षांनी माणूस मऊ होतं, नाही? मला तेव्हा एकच दिसत होतं — शेवंता कोणत्याही क्षणी शेतातून येईल. मी म्हटलं, सांगा, पोर तिला विसरली. नाव घेतलं तर कोण म्हणून विचारते.

एकनाथभाऊंनी पिशवी उचलली. त्यांना जेवायचा आग्रह मी केला नाही. लांबून आलेल्या माणसाला दुपारच्या उन्हात उपाशी परत पाठवणं आमच्या घरात कधी झालं नव्हतं; माय असती तर झालं नसतं. ते गेले. मी कापड उघडून पाहिलंही नाही. जात्याखाली पीठ सांडतं तिथे अंथरायला घेतलं. पुढे मळलं, फाटलं, चुलीत घातलं.

त्यानंतर आठवडाभरातच आखाजी होती. शेवंतानं यायाची घागर स्वतः रंगवली. मी शेजारी बसून पुरण वाटत होते. मला आठवतं, पुरण छान झालं होतं.

एकनाथभाऊंनी माझा निरोप पोचवला असणार. ते शब्दाचे पक्के होते. तो ऐकून झैना काय म्हणाली, हे मला कधीच कळलं नाही. पुन्हा कुणी कापड घेऊन आलं नाही. एकनाथभाऊ पुढे तिकडेच वारले.

शेवंता आता धुळ्याला असते. नवरा मामलेदार कचेरीत आहे, घर चांगलं आहे, तिला दोन मुलगे आणि एक मुलगी. माझी तिच्यावर माया आहे आणि तिची माझ्यावर. लहानपणचं तिला फारसं आठवत नाही. आगबोट आठवते, आडवा चंद्र आठवतो. यायाचा चेहरा आठवत नाही म्हणते. पाठ आठवते.

यंदाच्या आखाजीला मी तिच्याकडे होते. तिच्या घरीही ती घागर असते. सासरच्यांनी पहिल्यापासून कधी नाही म्हटलं नाही. झैना आता नसेलच. माझ्यापेक्षा मोठी होती. म्हणजे मधल्या कुठल्या तरी वर्षी ती खरंच गेली असेल, आणि त्या वर्षापासून हे पाणी बरोबर ठिकाणी जात असेल. ते वर्ष कोणतं, मला माहीत नाही. त्याआधी किती आखाज्या आम्ही एका जिवंत बाईला पाणी दिलं, तेही माहीत नाही. तिकडे ती हयात असताना ते पाणी कुठे जात होतं?

घागरी मांडून झाल्या. बापाची, मायची, यायाची. नातीनं विचारलं, आजी, याया कशी होती? शेवंतानंच उत्तर दिलं — खूप चांगली होती, तुझ्या आजीला विचार, आजीनंच तर तिला आपल्यात धरलं. मग घागरींवर सांजोऱ्या ठेवता ठेवता माझ्याकडे न बघता सहज म्हणाली, “आई, तू गेलीस ना, की तुझी घागर मी यायाच्या शेजारीच मांडेन.”

मी बरं म्हटलं.