खोटी आग आणि आपटे काका

गेल्या महिन्यात एका रविवारी सकाळी कसबा पेठेतल्या एका अभ्यासिकेत मी खोटी आग लावली... म्हणजे जोरात शिट्टी वाजवून "आग, आग, सगळे खाली चला" असं ओरडले. माझ्या परीक्षेसाठीच होतं ते सगळं.

मी एका आयटी कंपनीत फॅसिलिटीचं, म्हणजे इमारतीच्या देखभालीचं काम बघते. मागे आमच्या पॅन्ट्रीत मायक्रोवेव्हने पेट घेतला, तेव्हा चांगली शिकलीसवरली माणसं धुरातून थेट लिफ्टपाशी जाऊन उभी राहिली. कुणाला काही झालं नाही, पण ते दृश्य डोक्यातून जाईना.

म्हणून चव्वेचाळिसाव्या वर्षी फायर रिस्क असेसरच्या कोर्सला नाव घातलं. इमारतीत आग कुठे लागू शकते आणि लागलीच तर माणसं बाहेर कशी पडतील, हे तपासायचं शिक्षण.

थिअरी कशीबशी निघाली. शेवटी एका खऱ्या इमारतीची तपासणी करून रिपोर्ट द्यायचा होता... आणि इमारतच मिळेना! मंगल कार्यालयवाले काय, क्लासवाले काय, 'फायर' शब्द ऐकला की फोन ठेवायचे.

मग एका मैत्रिणीच्या ओळखीने आपटे काका भेटले. सत्तरी ओलांडलेले, गुडघ्यांनी जेरीस आणलेले. एका जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर ते स्पर्धा परीक्षेच्या मुलांसाठी अभ्यासिका चालवतात. विदर्भातून, मराठवाड्यातून आलेली मुलं दिवसभर तिथेच असतात.

"बघा काय बघायचं ते," काका म्हणाले. "फक्त आवाज न करता बघा. इथे लोक अभ्यास करतात."

मी बघायला लागले. एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर पंखा, लॅपटॉप, चार्जर, सगळंच. अरुंद जिना आणि पायऱ्यांवर चपलांचा ढीग. मागे दुसरा जिना होता, पण त्या दाराला कुलूप... मुलं तिकडे जाऊन फोनवर बोलत बसतात म्हणून काकांनीच लावलेलं.

हे सांगितल्यावर काका भडकले. "अहो, तुम्हाला पास व्हायचंय की माझी अभ्यासिका बंद पाडायचीये? इतक्या वर्षांत काही झालं नाही."

"काका, रिपोर्टमध्ये आहे ते लिहावंच लागेल. पण एकदा ड्रिल करू, तुम्हीच बघा."

"करा. तेवढीच मुलांची करमणूक."

तर अशी ती शिट्टी वाजली. मी जिन्याच्या तळाशी उभी होते. मुलं हसत हसत उतरायला लागली, कुणी धक्काबुक्कीत आपली चप्पल शोधतंय... आणि अचानक वरून येणारी मुलं थांबलीच. मला वाटलं, चपलांमध्ये कुणीतरी अडखळून पडलं.

वर जाऊन बघते तर उरलेली मुलं काकांभोवती. काका एकेका टेबलाचा आधार घेत हळूहळू येत होते आणि एकही जण पुढे जायला तयार नाही.

"अरे गाढवांनो, पळा! मी येतो मागून."

"तुम्ही आधी, काका," यवतमाळची प्रणाली म्हणाली.

"अगं, आग लागलीये!"

"म्हणूनच."

एवढ्यात खाली पोचलेली काही मुलं "काका कुठायत?" करत परत वर यायला लागली. झालं! अरुंद जिन्यात खालची वर, वरची खाली... सगळा जिनाच तुंबला. शेवटी दोघांनी हातांची खुर्ची करून काकांना खाली आणलं.

गल्लीत सगळी पोरं खो खो हसत होती. काका मात्र समोरच्या दुकानाच्या पायरीवर बसून कितीतरी वेळ चष्मा पुसत राहिले. मग मला हळूच म्हणाले, "खरी लागली असती तर ही सगळी माझ्यापायी गेली असती हो..."



त्यांनी खिशातून किल्ल्या काढून प्रणालीच्या हातात दिल्या. "मागचं दार उघड जा. कुलूप परत आणू नकोस."

आता काकांचं टेबल त्या मागच्या दाराजवळ आहे, चपला खाली रॅकमध्ये आणि वायरिंगचं काम सुरू झालंय. रिपोर्टमध्ये मी लिहिलं की माणसं एकेकटी बाहेर पडत नाहीत, आपल्या माणसाला घेऊनच निघतात. तेव्हा वाट आखतानाच हे धरून चालायला हवं. तोंडी परीक्षेत सरांनी सगळ्यात जास्त वेळ याच परिच्छेदावर विचारलं.

काल निकाल आला... पास! पेढे घेऊन थेट कसब्यात गेले. जिन्यापाशी काकांच्या अक्षरात एक नवी पाटी होती: 'आग लागल्यास मालकांची वाट पाहू नये. मालक स्वतः येण्यास समर्थ आहेत.'

काका, कुणी इमारत देत नव्हतं तेव्हा तुम्ही दिलीत, मनापासून आभार. पाटी झकास आहे... पण तुमची पोरं ती पाळणार नाहीत, हे तुम्हालाही चांगलंच ठाऊक आहे.