रडण्यातलं कोणी धरत नाय

माझी पहिली कादंबरी चौथ्यांदा परत आली तेव्हा संपादकबाई फोनवर फार गोड बोलल्या, आणि त्यावरूनच मला कळलं की यापुढे त्या फोन करणार नाहीत. "तुमच्या कादंबरीतली आई मला खरी वाटत नाही," त्या म्हणाल्या. "हिच्यात एकही खोट नाही. मग त्या मुलीच्या पोटात एवढा राग आहे तो कोणावर? शेवटचं एकदा बघा." मी "हो, बघते" म्हणून फोन ठेवला. कादंबरीतली आई माझ्या शहापूरच्या दोन खोल्यांपैकी आतल्या खोलीत मोड आलेले वाल सोलत बसली होती. तिने विचारलं, "कोनाचा फोन?" मी म्हणाले, "शाळेतला."

गोष्ट तशी एवढीशी. गावी, वैशाखऱ्याला, आमच्या घरी मी आणि धाकटा भाऊ. मी तिसरीत असताना आईने मला भातसानगरला मामाकडे ठेवलं. मामा धरणावर नोकरीला, राहायला क्वार्टर, शाळा जवळ. भाऊ घरीच राहिला. "दिवाळीला न्यायला येते," असं सांगून आई गेली. मी पिशवी भरून ठेवली आणि रोज वसाहतीच्या फाटकाशी जाऊन उभी राहू लागले. भाऊबीज झाली, लोकांनी कंदील उतरवले, शाळा सुरू झाली. आई आली नाही. का आली नाही, ते तिने सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. आता मी स्वतः मुलांना शिकवते, केस पिकायला लागलेत, तरी ती पिशवी काही माझ्या हातातून खाली ठेवली जात नाही.

पहिल्या खर्ड्यात मी हे जसंच्या तसं लिहिलं होतं. मग आईचे गुडघे गेले, ती माझ्याकडे राहायला आली, आणि मला लिहिलेलं मोठ्याने वाचून बघायची खोड. भिंतीपलीकडे ती, अलीकडे मी, आणि मध्ये ते वाक्य, 'आई आली नाही'. मी ते खोडलं. दुसऱ्या खर्ड्यात आईची वाट पुराने अडवली. दिवाळीत पूर. तिसऱ्यात तिला ताप आणला. चौथ्यात तर ती आलीच, करंज्यांचा डबा घेऊन. लिहिताना मला रडू आलं आणि मला वाटलं, जमलं. कसलं डोंबल जमलं. दुसऱ्या कुणाच्या तरी आईसाठी मी रडत होते.

अशातच मामा गेला. आई आणि मी भातसानगरला पोचलो तेव्हा त्याला ओसरीवर ठेवलं होतं आणि मामी उशाशी बसून रडत होती. आमच्याकडे बायका हेल काढून, बोलून बोलून रडतात. गेलेल्याचे गुण सांगतात. मामीनेही आधी गुण सांगितले. मग एकदम तिचा सूर बदलला. "माज्या बापाच्या मयताला नाय सोडलंस रे मला," ती त्याच्या तोंडावर म्हणू लागली. "दारात उबी केलीस, आनि नाय सोडलंस. वरीसभर बोलला नायस माज्याशी. मी भिंतीशी बोलले रे." अंगणात माणसं खाली बघत उभी होती. कोणी तिला गप्प केलं नाही. सगळं आटोपल्यावर शेजारणींनी मयताच्या घरी देतात तो कोरा, बिनदुधाचा चहा आणला, मामी प्यायली, आम्हाला आग्रह केला. ती जे बोलली त्याचा कोणी एका शब्दाने विषय काढला नाही.

परतताना रिक्षात मी आईला म्हणाले, "मामी सगळ्यांसमोर असं कसं बोलली?"

"मग कदी बोलनार?" आई म्हणाली. "रडन्यातलं कोनी धरत नाय."

त्या वाक्याने माझं वाटोळं केलं. मला वाट दिसली, पण ती आईच्या मयतावरून जाणारी होती. मला वाटलं होतं तसं झालं नाही, संपादकबाईंचा पुन्हा फोन आला, किती वेळ लागेल म्हणून. मी म्हणाले, "सांगता येत नाही." खरंच सांगता येत नव्हतं. संध्याकाळी आईच्या बीपीच्या गोळ्या आणायला गेले आणि दुकानात उभी असताना मनात आलं, ह्या नीट घेतल्या तर ही आणखी वीस वर्षं जगेल आणि माझी कादंबरी मरेल. मला माझी किळस आली. गोळ्या घेऊन आले, तिला पाणी दिलं, आणि ती गिळेपर्यंत समोर उभी राहिले. नंतर कित्येक दिवस लिहायला बसले की तेच पान उघडायचे आणि मिटायचे. एक ओळ पुढे सरकेना.

मग एका रविवारी मी ते दिवाळीचं पान पुन्हा वाचायला घेतलं. "आई येते म्हणाली," एवढं मोठ्याने वाचलं आणि थांबले. पुन्हा वाचलं. पुन्हा तिथेच.

"पुडचं का नाय वाचत?" आई आतून म्हणाली. मी गेले. तिने वालाची पाटी बाजूला सरकवली. "सारकी तितंच थांबतंस. माज्या मयताला म्हनायचं ठेवलंस काय?"

मी वालाची पाटी पुन्हा तिच्यापुढे सरकवली.

"मेल्यावर मला आयकू येनार हाय काय गो?" ती म्हणाली. मग गुडघे धरत, कण्हत, ती फरशीवर आडवी झाली. पाय दाराकडे केले. पदर तोंडावर ओढला. "घे. मेले मी. म्हन आता."

"आई, ऊठ. काहीतरीच काय."

तिने पदर आणखी घट्ट ओढला. मी उशाशी बसले. चार खर्डे मी शाळेच्या भाषेत लिहिले होते, पण तोंडातून जे निघालं ते वैशाखऱ्याचं होतं, हेलासकट. "आये गो, दिवालीला येते म्हनालीस, नाय आलीस. मी फाटकात उबी होते गो आये."

"पुडं," पदराआडून आवाज आला.

"त्याला ठेवलंस नि मला टाकलंस."

"पुडं."

पुढे काही नव्हतं. कादंबरी तिथेच संपत होती. आणि जे कुठल्याच खर्ड्यात नव्हतं ते मी बोलून गेले. "तू मरायची वाट बगते मी, आये."

श्वासाबरोबर पदर खाली-वर होत होता. "हां," ती म्हणाली. "हे लिव."

मी हात दिला तेव्हा ती उठली. भिंत धरत ओट्याशी गेली, चहा ठेवला, मला कप दिला आणि पुन्हा वाल सोलायला बसली. घरात दूध होतं. चहा तिने कोराच केला होता.